दहावीनंतर गणित सुटलेल्यांसाठी कॉलेजात आधारवर्ग कसा आखावा

महाराष्ट्रात बारावी कॉमर्सला गणित किंवा सेक्रेटेरियल प्रॅक्टिस असा पर्याय असतो आणि गणिताला बिचकणारी मुलं दुसरा पर्याय धरतात. आर्ट्सकडून आलेल्या बहुतेकांचं तर दहावीलाच गणित संपलेलं असतं. हीच मुलं पुढे बीकॉम, बीबीए, बीसीएच्या पहिल्या वर्षात येतात आणि पहिल्याच सत्रात त्यांच्यासमोर बिझनेस मॅथेमॅटिक्स किंवा स्टॅटिस्टिक्सचा पेपर येतो. मधे दोन वर्षं गणिताला हात लागलेला नसतो, आणि दहावीतही कित्येकजण पस्तीसच्या काठावरून पुढे आलेले असतात. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीएच्या प्रवेशाला सीईटी आली. तिने प्रवेशाची यादी लागते. कोणाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, ते तिच्यातून कळत नाही.

कॉलेजं यावर जे करतात ते ठरलेलं आहे. ऑगस्टमध्ये आठवडाभराचा ब्रिज कोर्स, त्यात आठवी ते दहावीचं पुस्तक धावत धावत, हजेरीपट, दोन फोटो आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलला एक अहवाल. मुलं गप्प बसून वह्या उतरवतात आणि सत्र परीक्षेत तिथेच अडकतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा वर्ग शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून आखू नये. या सत्रात मुलाला जो पेपर द्यायचा आहे तिथून सुरुवात करून एकेक पायरी मागे यावं, आणि जिथे पाय घसरतो तेवढ्याच जागा दुरुस्त कराव्यात. खाली धरलेला वर्ग बीकॉम-बीबीएचा आहे. पॉलिटेक्निक किंवा बीएस्सीला घटक बदलतील, आखणी हीच चालेल.

आधी मुख्य पेपर उलगडा

अभ्यासक्रम आणि मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसा. प्रत्येक प्रश्नाला विचारायचं, की हा सोडवायला आधी काय यावं लागतं? आणि ते यायला त्याच्याआधी काय?

चक्रवाढ व्याज घ्या. ५०,००० रुपये, ८ टक्के दर, २ वर्षं. उत्तर ५८,३२० यायला हवं. त्यासाठी ८ टक्के म्हणजे ०.०८ हे यावं लागतं, १ मध्ये मिळवून १.०८ करता यावं लागतं, वर्ग म्हणजे त्याच संख्येचा त्याच संख्येशी गुणाकार हे ठाऊक हवं, आणि दशांश चिन्हाची जागा कळायला हवी. चार पायऱ्या. आता मुलांची चुकलेली उत्तरं बघा. ५८,००० लिहिणाऱ्याने सरळव्याज काढलंय, त्याला व्याजावर व्याज ही कल्पनाच पोचलेली नाही. १,०८,००० लिहिणाऱ्याने १.०८ चा वर्ग २.१६ धरला, त्याचा घोळ घातांकात आहे. १,६२,००० लिहिणाऱ्याने ८ टक्क्यांचे ०.८ केले आणि १.८ चा वर्ग घेतला. व्याज त्याला छान समजलंय, दशांश स्थान समजलेलं नाही. तिघांनाही शून्य गुण, आणि तिघांची अडचण वेगवेगळी. त्या तिघांना एकत्र बसवून चक्रवाढ व्याजाचं सूत्र पुन्हा फळ्यावर लिहिलं, तर फायदा फार तर पहिल्याला होईल.

असं प्रत्येक घटकाचं करत गेलात की एक गोष्ट दिसते. कमिशन, सवलत, घसारा, शेअरवरचा लाभांश, नफा-तोटा, निर्देशांक, सगळं खाली येऊन त्याच मूठभर गोष्टींवर टेकतं: अपूर्णांक, दशांश, ऋण चिन्हं, शेकडेवारी, गुणोत्तर, घातांक, एका चलाचं समीकरण, आणि आलेखावर बिंदू मांडणं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी यादी इथेच संपते. भूमिती नाही, त्रिकोणमिती नाही, बहुपदींचे भागाकार नाहीत. शाळेचा अर्धाअधिक अभ्यासक्रम एका झटक्यात गळतो आणि उरलेल्याला पुरेसा वेळ मिळतो. गणिताच्या शिक्षकाला हे गाळणं जड जातं, मलाही जातं. पण सगळंच थोडं थोडं घेतलं की हाती काही लागत नाही.

निदान चाचणी

वीस प्रश्न, पाऊण तास, कॅल्क्युलेटर नाही, गुण नाहीत. बहुपर्यायी नको, कच्चं काम त्याच कागदावर मागा, कारण आपल्याला उत्तरापेक्षा वाट बघायची आहे. प्रश्न असे निवडा की नेहमीची प्रत्येक चूक वेगळं उत्तर देईल.

काही नमुने. ३/४ + २/५ ला ५/९ आलं, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. ०.३ × ०.२ ला ०.६ येतं, तो दशांश घर मोजत नाही. ०.४५ आणि ०.१२५ यात मोठी संख्या कोणती, याला ०.१२५ म्हणणारा १२५ आणि ४५ची तुलना करतोय. आणि माझा आवडता: ५ − २(क्ष − ३) = १. बरोबर उत्तर ५. उणे एक आलं, तर कंसाबाहेरचं उणे चिन्ह आतल्या दुसऱ्या पदापर्यंत गेलेलं नाही. १०/३ आलं, तर त्याने आधी ५ मधून २ वजा करून टाकलेत. क्रियांचा क्रमच कच्चा आहे. एका प्रश्नात दोन दुखणी वेगळी होतात.

शाब्दिक उदाहरणं किमान पाच ठेवा, आणि त्यातल्या दोनांची आकडेमोड मुद्दाम सोपी ठेवा. भागीदार ३:२:१ या प्रमाणात ८४,००० नफा वाटून घेतात, प्रत्येकाला किती? आकडे सोपे असूनही कागद कोरा असेल, तर अडचण वाचण्यात आहे.

तपासताना गुणांची बेरीज करू नका. प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर टाका: ह म्हणजे हिशेबातली निसटती चूक, क म्हणजे कल्पनाच चुकीची, भ म्हणजे भाषेत अडलं, को म्हणजे कोरं. एका मुलाच्या कागदावर सगळे ह असतील, तर त्याला या वर्गाची गरज नाही. सराव संच देऊन सोडून द्या. को जास्त असतील, तिथे लगेच निष्कर्ष काढू नका. शेजारी बसवून तोच प्रश्न तोंडी विचारा. निम्म्या वेळा उत्तर येतं. त्याला येत होतं, चुकायची भीती होती.

साठ कागद असे तपासायला एक संध्याकाळ लागते. ती वाचवू नका.

आपल्या कॉलेजचीच मुलं कच्ची, असं वाटून खचायचं कारण नाही. मुलांना वाचता-मोजता किती येतं ते बघणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. तीच मुलं आता आपल्या वर्गात येतायत.

गट आणि वेळापत्रक

ही पाहणी करणाऱ्या प्रथम संस्थेने प्राथमिक शाळांसाठी एक साधी पद्धत रुजवली: मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता येतं-न येतं त्याप्रमाणे बसवायचं, आणि पातळी बदलली की गट बदलायचा. कॉलेजातही तेच करा. चाचणीवरून साधारण तीन गट पडतात. एकाचा अपूर्णांक-दशांशापासूनच घोळ असतो, दुसऱ्याला संख्या जमतात पण शेकडेवारी-गुणोत्तर जमत नाही, तिसरा फक्त बीजगणितात आणि शाब्दिक उदाहरणांत अडतो. एका गटात पंचविसाच्या वर नकोत. दर चार आठवड्यांनी गट पुन्हा पाडा आणि वर सरकणाऱ्याला लगेच सरकू द्या.

शिक्षक एकच असेल तर? तिसऱ्या वर्षाची तीन-चार मुलं मदतनीस घ्या. सर्वांत हुशार निवडू नका. स्वतः पहिल्या वर्षी धडपडून वर आलेली निवडा, त्यांना समोरच्याचं अडणं कळतं. त्यांना फुकट राबवू नका. ‘कमवा आणि शिका’ योजनेत हे काम बसतं का, ते विद्यार्थी विकास विभागात विचारून बघा.

वर्ग कधी ठेवायचा, यावर अर्धं यश अवलंबून आहे. चार वाजता ठेवलात तर गावाकडची मुलं येणार नाहीत. एसटीचा पास असतो, साडेचारची गाडी चुकली की पुढची सातला, आणि मुलींना घरून ते चालत नाही. दुपारनंतर अनेकजण दुकानात, पेट्रोल पंपावर कामाला जातात. रविवारचा तर विचारच सोडा. मुख्य वेळापत्रकातच, दोन तासांच्या मधे, आठवड्यातून दोनदा सव्वा-सव्वा तास मिळवा. बारा आठवड्यांत तीस तास होतात, आणि वर सांगितलेल्या यादीला ते पुरतात. प्राचार्यांकडे भांडायचं असेल तर याच मुद्द्यावर भांडा. प्रोजेक्टर नंतर मागता येईल.

सूचना फलकावर ‘स्लो लर्नर्स’ची यादी लावू नका. नॅकच्या कागदांत तो शब्द आला, तर तो फाइलमध्येच राहू द्या. वर्गाला ‘गणित आधारवर्ग’ असं साधं नाव द्या आणि ज्याला यायचंय त्याला दार उघडं ठेवा. चाचणीत बऱ्यापैकी आलेली दोन-चार मुलं आपणहून येऊन बसली की बाकीच्यांची मान आपोआप वर होते.

क्रेडिटचं म्हणाल, तर १ क्रेडिटला १५ तास या हिशेबाने तीस तासांचे २ क्रेडिट होतात. स्वायत्त कॉलेजला अभ्यास मंडळाकडून ते करून घेता येईल. संलग्न कॉलेजात त्या मागे लागून वर्ष घालवण्यापेक्षा, मुख्य विषयाच्या अंतर्गत गुणांतले काही गुण आधारवर्गाच्या कामाला जोडता येतात का ते विभागात ठरवा.

आधी की बरोबरीने

‘आधी पाया पक्का करू, मग मुख्य विषय’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी हेच वर्षानुवर्षं केलं. कच्च्या मुलाला आधी एक किंवा दोन सत्रं बिनक्रेडिटचं गणित, ते पास झाला तरच पुढे. पुष्कळजण पुढे पोचलेच नाहीत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत यावर प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधारभूत बीजगणिताची गरज आहे असं ठरलेल्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून, काहींना ते बीजगणित दिलं आणि काहींना थेट पदवीचं स्टॅटिस्टिक्स देऊन सोबत दर आठवड्याला मदतीची कार्यशाळा दिली. बीजगणितात सुमारे ३९ टक्के पास झाले, स्टॅटिस्टिक्समध्ये सुमारे ५६ टक्के. टेनेसीने २०१५ पासून हीच सोबतीची पद्धत धरली आणि कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये त्याच दिशेने जाणारा कायदा केला.

आपल्याकडे मुलं तशीही थेट पहिल्या वर्षात बसतात, त्यामुळे निम्मं काम झालेलंच आहे. कमी आहे ती सोबतची मदत. म्हणून आधारवर्ग मुख्य विषयाच्या बरोबरीने चालवा, फक्त दहा-बारा दिवस पुढे राहून. मुख्य वर्गात घसारा सुरू होणार असेल, तर त्याच्या आधीच्या आठवड्यात ‘१५ टक्के कमी म्हणजे ०.८५ ने गुणणं’ हे झालेलं असावं. मुलगा मुख्य तासाला बसतो आणि त्याला फळ्यावरचं ओळखीचं दिसतं. एवढ्यानेच तो पुढच्या वेळी आधारवर्गाला येतो.

आठवड्यांची विभागणी मी सारखी करणार नाही. अपूर्णांक, दशांश आणि चिन्हांना मिळून तीन आठवडे. शेकडेवारी आणि गुणोत्तराला पूर्ण चार, कारण कॉमर्सचं सगळं तिथेच आहे. घातांक आणि व्याजाला दोन, समीकरण आणि आलेखाला दोन, शेवटचा आठवडा चाचणीला. पहिल्या गटाचे शेवटचे दोन घटक राहून गेले तर जाऊ द्या.

एक तास कसा जावा

शेकडेवारीतला एक तास घेऊ. पहिली दहा मिनिटं पाच प्रश्न, वही बंद ठेवून: दोन मागच्या तासाचे, दोन मागच्या महिन्यातले, एक अगदी जुना. उत्तरं मुलं स्वतःच तपासतात. हे कधीही गाळू नका. शिकवलेलं पुन्हा पुन्हा आठवायला लावलं की ते टिकतं, नुसतं पुन्हा वाचून टिकत नाही.

मग प्रश्न फळ्यावर: एका वस्तूचं बिल १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपये आहे, मूळ किंमत किती? काहीही न शिकवता पाच मिनिटं द्या. बहुतेक वर्ग ११८०चे १८ टक्के काढतो, २१२.४०, आणि वजा करून ९६७.६० लिहितो. चूक आहे असं सांगू नका. म्हणा, बरं, ९६७.६० वर १८ टक्के लावून बघा. कॅल्क्युलेटर काढू द्या. येतात ११४१.७७. अडतीस रुपये कुठे गेले? आता वर्गात कुजबुज सुरू होते, आणि कोणीतरी म्हणतं, सर, १८ टक्के मूळ किंमतीचे होते, आपण बिलाचे काढले. हे वाक्य वर्गातून यायला हवं. तुम्ही म्हटलंत तर ते वहीत जाईल आणि तिथेच राहील.

त्यानंतर एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा: मूळ किंमत १०० तर बिल ११८, म्हणजे बिल हे मूळच्या १.१८ पट, म्हणून ११८० ÷ १.१८ = १०००. दुसरं अर्धं सोडवलेलं द्या, पुढच्या पायऱ्या मुलांनी भरायच्या. तिसरं पूर्ण त्यांचं. मग अर्धा तास जोडीने सराव, आणि सरावात प्रश्न मिसळलेले असावेत. २० टक्के सवलतीनंतर साडी ६४० ला मिळाली, छापील किंमत काय? (७६८ म्हणणारे निघतील, उत्तर ८००.) १२ टक्के नफ्याने ५६० ला विकलं, खरेदी किती? मधेच एक सरळ प्रश्न टाका: ६४० वर २० टक्के सवलत किती? सगळे उलटे प्रश्न एकाखाली एक दिले की मुलगा विचार न करता भागत सुटतो. कधी गुणायचं आणि कधी भागायचं हे ठरवणं हाच तर अभ्यास आहे.

शेवटची दहा मिनिटं एक प्रश्न, चिठ्ठीवर, नाव घालून. पुढचा तास कुठून सुरू करायचा ते त्या चिठ्ठ्या सांगतात. वर्गाचा तिसरा हिस्सा चुकला असेल तर पुढे जाऊ नका.

पाढ्यांवरून कोणाला टोचू नका. सतराचा पाढा येत नसेल तर तक्ता समोर ठेवा. पेपरला साधा कॅल्क्युलेटर चालत असेल, तर तिसऱ्या आठवड्यापासून वर्गातही चालू द्या, पण एका अटीवर: बटण दाबायच्या आधी अंदाजे उत्तर लिहायचं. दोन वर्षांत ५०,००० चे १,६२,००० होत नाहीत, हे ज्याला खटकतं तो अर्धी लढाई जिंकला.

भाषेचा अडसर

मराठी माध्यमातल्या मुलाला अंश, छेद, लसावि, घसारा, चक्रवाढ नीट येतं. बीबीएची प्रश्नपत्रिका मात्र न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, एलसीएम, डेप्रिसिएशन, कंपाउंडेड अॅन्युअली म्हणते. सेमी-इंग्रजीतल्याचं उलट असतं, शब्द येतात आणि लांब वाक्य लागत नाही. साठेक शब्दांची दोन रकान्यांची यादी करून पहिल्या दिवशी झेरॉक्स द्या. शिकवा मराठीत, पण प्रश्न वाचून घ्या पेपरच्या भाषेत. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फक्त वाचन ठेवा: गणित सोडवायचं नाही, काय दिलंय आणि काय विचारलंय एवढंच स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ‘पर्यंत वाढला’ आणि ‘ने वाढला’ यातला फरक चुकला तर पुढचं सगळं चुकतं: पगार २०,००० पर्यंत वाढला, की २०,००० ने वाढला?

इतकं करूनही एखादा मुलगा आकड्यांची अदलाबदल करत राहिला, लहान बेरजाही बोटांवर करत राहिला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडेमोडीतल्या अध्ययन अक्षमतेची, शक्यता धरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शाळेत सवलत घेतली होती का, प्रमाणपत्र आहे का, हे एकट्यात विचारा. परीक्षा विभागाकडून त्याला पुढची सोय मिळवून देता येते.

उपयोग झाला की नाही

बाराव्या आठवड्यात पहिल्याच चाचणीची जुळी चाचणी घ्या: आकडे वेगळे, अडचणी त्याच. गुण वाढलेले दिसतील. पण जपून. पहिल्या चाचणीत अगदी तळाला असलेल्यांचे गुण दुसऱ्यांदा तसेही थोडे वर येतात, कारण त्या दिवशी कोणी आजारी होतं, कोणी घाबरलेलं. म्हणून पहिल्या चाचणीत तेवढेच गुण असलेली पण वर्गाला न आलेली मुलं शोधा आणि मुख्य पेपरच्या निकालात दोघांची तुलना करा. आपणहून येणारी मुलं जास्त मनावर घेणारी असतात, हे धरूनही त्यातून बरंच कळतं. मी आणखी एक मोजतो: अंतर्गत परीक्षेत प्रश्न किती कोरे सुटले. गुण वाढायच्या आधी कोरे कागद कमी होतात.

नॅकला लागणारा अहवाल यातूनच तयार होतो: निदान चाचणी, गटांच्या याद्या, चिठ्ठ्या, जुळी चाचणी, निकालाची तुलना. वेगळं काही रचावं लागत नाही. चुकलेल्या उत्तरांची एक वही मात्र स्वतःजवळ ठेवा, घटकवार, उत्तरासमोर कारण लिहून. पुढच्या जुलैत निदान चाचणीचे प्रश्न तिच्यातूनच काढायचे आहेत, आणि नवीन येणाऱ्या सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकाच्या हातात पहिल्या दिवशी तीच द्यायची आहे.